आईच्या कॉर्डलेसचे सेल: नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

८ जून, शनिवार

रोज संध्याकाळी साडेसातला नाशिकहून मावशीचा फोन येतो. आई ८१ वर्षांची, मावशी ७८. तास-तास बोलतात. गेले दोन आठवडे मात्र चौथ्या-पाचव्या मिनिटाला हँडसेट टिंग-टिंग वाजतो आणि बंद पडतो. आई गुडघ्यावर हात ठेवून उठते, हॉलमध्ये जाऊन हँडसेट बेसवर ठेवते आणि दहा मिनिटं तिथेच खुर्चीत बसून राहते. आज म्हणाली, "अगं, आता आम्ही महत्त्वाचं तेवढं आधी बोलून घेतो."

ते ऐकून मला राहवलं नाही. दोन बहिणींनी या वयात घड्याळ लावून बोलायचं, तेही दोन सेलपायी, हे मला मान्य नाही. म्हणून ही वही उघडली.

मोबाइल आहे तिच्याकडे, पण फोन घ्यायला पडद्यावर बोट सरकवावं लागतं आणि त्यात निम्म्या वेळा कट होतो. कॉर्डलेसची बटणं तिच्या बोटांना अंधारातही कळतात. शिवाय घरचा नंबर सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. तेव्हा फोन हाच राहणार, सेल बदलायचे.

मागचं झाकण काढलं. आत रिमोटला लागतात त्या मापाचे दोन बारीक सेल. वर छापलंय: निकेल-मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट, ६५० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). झाकणाच्या आतल्या बाजूलाही लिहिलंय की फक्त रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडच वापरा. फोन २०१७ चा आणि सेलही तेव्हाचेच. सात वर्षं रात्रंदिवस बेसवर बसून काढली त्यांनी. त्यांची तक्रार करावी असं काही नाही.

९ जून, रविवार

नवे सेल आणण्याआधी फोन साफ केला. हे आधीच करायला हवं, कारण पुष्कळदा दोष सेलचा नसतोच. हँडसेटच्या तळाला दोन छोट्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या बेसवरच्या पट्ट्यांना टेकतात तेव्हा चार्जिंग होतं. आईच्या फोनवर त्या पट्ट्यांवर काळपट थर होता. फोन स्वयंपाकघरात जातो, फोडणीचा वास आणि तेल जिथे जाईल तिथे जातं. साध्या खोडरबराने घासल्या, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. पट्ट्या चकचकीत झाल्या. सेलच्या कप्प्यातल्या एका स्प्रिंगवर पांढरी पूड जमली होती. ती सेलमधून झिरपलेल्या अल्कलीची. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन लावलं, जरा फसफसलं, मग ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवलं.

रात्रभर बेसवर ठेवून सकाळी मीटर लावला. दोन्ही सेल १.३१ व्होल्ट दाखवतात. नुसतं हे बघितलं तर कुणीही म्हणेल, सेल ठणठणीत आहेत. पण विनाभार मोजलेला व्होल्टेज या सेलच्या बाबतीत फार फसवा. म्हातारा सेलही उपाशीपोटी १.३ दाखवतो, काम सांगितलं की मान टाकतो. तेव्हा नीट चाचणी करायची तर सेलवर भार टाकून वेळ मोजायला हवी. त्याची सोय पुढच्या आठवड्यात.

११ जून, मंगळवार

ऑफिसातून आले तर आई खूश. शेजारच्या मुलाने तिला नवे सेल घालून दिले होते आणि फोन दिवसभर चालला होता. झाकण उघडलं आणि पोटात गोळा आला. किराणा दुकानात मिळतात ते रिमोटचे साधे सेल! हँडसेट बेसवर चार्जिंगला होता आणि हाताला कोमट लागत होता. लगेच काढले.

त्या मुलाला मी रागावले नाही, त्याने चांगल्या मनाने केलं. पण त्याला बसवून समजावलं, आणि इथेही लिहून ठेवते. मापाने हे सेल सारखेच असतात, आतून नाही. साधा सेल एकदा वापरून टाकायचा असतो. त्याला चार्ज करू गेलं की आत वायू तयार होतो, सेल फुगतो, गळतो, कधी फुटतोही. कॉर्डलेसच्या बेसला कळत नाही की आत कोणता सेल आहे. तो आपला करंट देतच राहतो. आणि हा फोन कानाला लावायचा आहे.

ओळखायची खूण सेलवरच छापलेली असते. बारीक सेलवर आर०३ असेल तर साधा झिंकचा, एलआर०३ असेल तर अल्कलाइन. दोन्ही चालणार नाहीत. एचआर०३ असेल तर निकेल-मेटल हायड्राइड, हाच आपला. व्होल्टही बघायचे: साध्यावर १.५, रिचार्जेबलवर १.२. अलीकडे १.५ व्होल्ट लिहिलेले, यूएसबीच्या वायरने चार्ज होणारे लिथियमचे बारीक सेल निघालेत. रिचार्जेबल शब्द बघून लोक तेही कॉर्डलेसमध्ये घालतात. तेही नकोत, त्यांची चार्जिंगची पद्धतच वेगळी. आणि ३.७ व्होल्टचा याच मापाचा लिथियम सेल तर हातातही घेऊ नये या कामासाठी.

१६ जून, रविवार

चार सेलचं एक पाकीट ऑनलाइन मागवलं होतं, ते आलं. वर मोठ्या अक्षरात १८०० एमएएच. किंमत २४० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उद्या याच मालावर दुसरं नाव असेल.

हातात घेताच हलके वाटले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक सेल ठेवून काही कळत नाही, काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो. म्हणून चारही एकत्र ठेवले: ३४ ग्रॅम. म्हणजे एक सेल साडेआठ ग्रॅमचा. या मापाचा चांगला निकेल-मेटल हायड्राइड सेल १२ ग्रॅमच्या आसपास भरतो. भाजीवालीने जुडी हातात तोलावी तसं हे आहे: आत माल असेल तर वजन असणारच.

आणि १८०० हा आकडा मुळातच अशक्य. साडेदहा मिलिमीटर जाडी आणि साडेचव्वेचाळीस मिलिमीटर लांबी एवढ्या नळीत या रसायनाची क्षमता फार तर १००० च्या जरा पुढे जाते. त्यावरचा कोणताही आकडा दिसला की पाकीट परत ठेवावं. तरी परत पाठवले नाहीत, चाचणीला ठेवले. मोजून दाखवल्याशिवाय कुणाला पटत नाही.

२२ जून, शनिवार

चाचणीची मांडणी तयार झाली. खर्च शंभर रुपयांच्या आत: एका सेलचे दोन होल्डर, प्रत्येकावर १० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर (हाच सेलवरचा भार), आणि घरातला जुना मल्टिमीटर.

हिशेब सोपा आहे. सेल भाराखाली सरासरी १.२ व्होल्ट देतो. भागिले १० ओहम, म्हणजे १२० मिलिअँपिअर. आता सेल १.० व्होल्टवर येईपर्यंत किती तास गेले ते मोजायचं आणि १२० ने गुणायचं. उत्तर एमएएचमध्ये. १.० च्या खाली नेऊ नये, सेलला इजा होते. त्यामुळे शेवटी शेवटी जागेवरून हलता येत नाही.

आईला बघायचं होतं काय चाललंय. तिला म्हटलं, तू आकडे लिही. ती ३२ वर्षं शाळेत गणित शिकवत होती. तिने लगेच जुन्या वहीत समास आखला, रकाने पाडले, वर तारीख घातली. मी मीटर वाचायचा, ती मोठ्याने म्हणून लिहायची: "एक दशांश चिन्ह एक नऊ." गेल्या कित्येक महिन्यांत तिला एवढं रमलेलं पाहिलं नव्हतं.

फोनमधले जुने दोन सेल आधी लावले. पहिला ३५ मिनिटांत १.० वर आला, म्हणजे जेमतेम ७० एमएएच. दुसरा १ तास २५ मिनिटं टिकला: १७०. सेलवर छापलेत ६५०. फोन चौथ्या-पाचव्या मिनिटाला का बंद पडतो ते कळलं. दोन सेल ओळीने जोडलेले असतात, त्यात एक आधी रिकामा झाला की दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतो आणि रिकामा सेल आणखी बिघडतो. म्हणूनच एक नवा, एक जुना असं कधीही करू नये. बदलायचे तर दोन्ही, एकाच पाकिटातले.

२३ जून, रविवार

१८०० वाले काल रात्रभर वेगळ्या चार्जरवर भरून घेतले आणि आज दोन-दोन करून मोजले. निकाल: ३४०, २५०, ३६०, ३२०. आईने शेवटचा आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "पाचवा हिस्सासुद्धा नाही."

नुसते कमी भरले असते तर एक वेळ चाललं असतं. ३५० एमएएचवरही फोन दोन-तीन तास बोलू देईल. पण एकाच पाकिटातले दोन सेल २५० आणि ३६० निघतात, इथे खरी गोम आहे. अशी विजोड जोडी काही महिन्यांत एकमेकांना संपवते. स्वस्त पडले असं वाटतं आणि वर्षातून दोनदा घ्यावे लागतात.

३० जून, रविवार

पालख्या आज पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, बाजारात जायचा प्रश्नच नाही. आई गॅलरीत.

दुसऱ्या मजल्यावरचे काका त्यांचा कॉर्डलेस घेऊन खाली आले. शेजारच्या मुलाकडून बातमी पसरलेली दिसते. त्यांचा फोन जुन्या धाटणीचा: सुटे सेल नाहीत, प्लॅस्टिकच्या वेष्टणात तीन सेल गुंडाळलेली ३.६ व्होल्टची बॅटरी, लाल-काळी वायर आणि टोकाला पांढरा प्लग. याला वेगळा वेळ द्यावा लागेल. काकांना सांगितलं, "काका, पंधरा ऑगस्टपर्यंत थांबाल का?" ते म्हणाले, "अगं, दोन वर्षं बंदच आहे तो, थांबतो की."

६ जुलै, शनिवार

तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. पावसाची भुरभुर, पायाखाली चिखल, आणि दुकानांतून वायरची भेंडोळी लोंबलेली. तीन दुकानं फिरले. पहिल्यात "कॉर्डलेसचा सेल" म्हणताच काउंटरखालून एक धुळकट पाकीट निघालं. नाव चांगलं होतं, पण मागे छापलेला महिना-वर्ष पाहिलं: साडेचार वर्षांपूर्वीचं. पाकीटबंद मालावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे, मग ते वाचायचा आळस का करावा? साधा निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता पडून महिन्याला पाव हिस्सा चार्ज घालवतो. वर्षानुवर्षं पूर्ण रिकामा पडून राहिलेला सेल दोन-तीनदा सावकाश चार्ज केल्यावर थोडाफार जागा होतो, पण त्यासाठी पूर्ण पैसे मोजायला मी तयार नाही. दुकानदाराला तसं सांगितलं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

तिसऱ्या दुकानात एनेलूप नावाचे रिचार्जेबल सेल मिळाले, सात महिन्यांपूर्वीचे. चार सेल, साडेनऊशे रुपये. या जातीच्या सेलची सुरुवात सान्यो कंपनीने २००५ मध्ये जपानात केली. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली. खासियत ही की नुसते ठेवले तरी रिकामे होत नाहीत. वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज शिल्लक असतो.

त्याच दुकानात जास्त क्षमतेचा "प्रो" प्रकारही होता, बारीक मापात ९०० च्या वरचा. दुकानदाराचा आग्रह तोच घ्या, ताकद जास्त. मी नाही घेतला, आणि का ते इथे लिहिते, कारण सगळे इथेच चुकतात. एवढ्याशा नळीत क्षमता वाढवायची तर आत जास्त माल कोंबावा लागतो आणि मधला पडदा पातळ होतो. त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. कंपनीच स्वतः सांगते की साधा प्रकार २१०० वेळा चार्ज होईल, "प्रो" ५०० वेळा, आणि ५५० एमएएचचा "लाइट" प्रकार ३००० वेळा. कॉर्डलेस फोन दिवसभर बेसवर बसलेला असतो. त्याला टिकाऊपणा हवा. ताकद कॅमेऱ्याच्या फ्लॅशला हवी. "लाइट" मिळाले असते तर तेच घेतले असते.

काही जाणकार सांगतात की हँडसेट सतत बेसवर ठेवू नका, संपत आला की ठेवा. सेलच्या दृष्टीने सल्ला बरोबर आहे. पण आईला मी हे सांगणार नाही. बेसवर ठेवला नाही तर फोन उशीखाली, पलंगाखाली, देवघरात कुठेही राहतो आणि रात्री गरज पडली तर सापडत नाही. ८१ व्या वर्षी तिने सेलच्या सोयीने वागायचं नाही. तिच्या सवयीला झेपेल असा सेल शोधायचा, हे माझं काम.

१३ जुलै, शनिवार

चार एनेलूपचं वजन ४९ ग्रॅम. हातालाच फरक कळतो.

चाचणीला दिवस गेला. भार लावल्यावर सुरुवात १.३३ ने, अर्ध्या तासात १.२६, मग १.२४ वर येऊन जो बसला तो हलेना. आई दर अर्ध्या तासाला "एक दशांश चिन्ह दोन चार" असं लिहीत होती. चौथ्यांदा लिहिताना म्हणाली, "शहाणं पोर दिसतंय." सहाव्या तासानंतर जरा उतार लागला: १.१८, १.१४. मग शेवटची दहा मिनिटं घाटाचा कडा. ६ तास २० मिनिटांनी १.० ला काढला. दुसरा ६ तास १५ मिनिटं. म्हणजे ७६० आणि ७५० एमएएच, छापलेल्या आकड्याला धरून. आणि दोघांत पाच मिनिटांचा फरक.

रात्रभर चार्ज करून दोन्ही आईच्या हँडसेटमध्ये घातले, झाकणाच्या आत खडूच्या पेन्सिलीने तारीख लिहिली. नव्या सेलना पहिल्यांदा बेसवर पूर्ण एक रात्र द्यावी. फोनच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र लगेच भरलेलं दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवू नये. उरलेली जोडी तळमजल्यावरच्या आजींसाठी.

१४ जुलै, रविवार

७:३० ते ८:५०. एकही टिंग नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे पहाटेपासून लाइट नाही. मावशीने टीव्हीवर पुण्याचं नाव ऐकलं आणि फोन लावत सुटली. आईच्या हँडसेटमध्ये उत्तम भरलेले सेल, आणि फोन मुका.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. हँडसेटच्या सेलने फक्त हँडसेट चालतो. लाइनशी बोलतो तो बेस, आणि बेसला भिंतीतली वीज लागते. पूर्वी तांब्याच्या तारेची लाइन होती तेव्हा साधा वायरचा फोन लाइट गेले तरी वाजायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजकडूनच तारेतून यायची, ४८ व्होल्ट. आता फायबर आहे. काचेच्या तारेतून आवाज येतो, वीज येत नाही. घरातला फायबरचा डबा बंद पडला की नंबरच बंद.

शेवटी मी माझ्या मोबाइलवरून मावशीला लावून दिला. ती रडत होती. आई तिला समजावत होती, "अगं, आमच्याकडे पाणी नाही, फक्त अंधार आहे."

४ ऑगस्ट, रविवार

त्या दिवसावर उपाय केला. राउटरसाठी मिळतो तसा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला आणि फायबरच्या डब्याला लावला. घ्यायच्या आधी डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून नेले होते. हे न करता घेऊ नये. बेसचा अडॅप्टर वेगळ्या व्होल्टचा, त्याला हा यूपीएस चालत नाही. त्यामुळे माळ्यावरचा जुना वायरचा फोन काढला, पुसला, आणि दोन तोंडांचा सॉकेट लावून आईच्या पलंगाशेजारी जोडला. लाइट असताना कॉर्डलेस, नसताना हा.

मेन स्विच बंद करून तपासलं. मोबाइलवरून रिंग दिली, घंटा खणखणली. आईने रिसीव्हर उचलून दोन्ही हातांत धरला. "याचं वजन बघ," म्हणाली.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. काकांची बॅटरी.

जुन्या बॅटरीवर ३०० एमएएच आणि कॅडमियमची खूण. निकेल-कॅडमियमचा जमाना. कॅडमियम विषारी, त्यामुळे ही बॅटरी कचऱ्यात जाता कामा नये. वेगळ्या डब्यात ठेवली. नवी घेताना निकेल-मेटल हायड्राइडच घेतली.

तयार मिळणाऱ्या बॅटऱ्यांत दोन अडचणी. एक, ती वेष्टणात असल्याने आतले सेल कोणते हे दिसतच नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: पांढरा प्लग दिसायला तोच, पण लाल आणि काळ्या वायरची जागा सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. उलटी लागली तर हँडसेट जाऊ शकतो. मी गेल्या शनिवारी पट्टी लावलेले तीन बारीक सेल, ६०० एमएएचचे, एका दुकानात स्पॉट वेल्ड करून घेतले. निकेलची पट्टी, दोन क्षणांचा ठिणगीचा आवाज, झालं. घरी सेलवर थेट सोल्डर करू नये. कावियाची उष्णता आतला पडदा जाळते आणि नवाकोरा सेल बनतानाच अर्धमेला होतो. पट्टी असेल तर पट्टीच्या टोकाला सोल्डर चालतं.

जुन्या बॅटरीचा प्लग कापून घेतला आणि नव्या पट्ट्यांना जोडला. वायर एकेक करून कापाव्यात, दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीतच शॉर्ट होतं. तयार बॅटरीच घेतली आणि वायर उलट निघाल्या तर कापायचीही गरज नाही: प्लगच्या कडेला बारीक जीभ असते, ती टाचणीने उचलली की धातूची पिन वायरसकट मागे निघते. दोन्ही काढून अदलाबदल करायची. लावण्याआधी मीटरने खात्री केली, लाल अधिक, काळी उणे.

काकांना सांगितलं, याची क्षमता जुन्याच्या दुप्पट, तुमचा बेस जुना आणि सावकाश चार्ज करणारा. पहिल्यांदा पूर्ण २४ तास ठेवा. त्यांनी बेसजवळ चिठ्ठी लावली: "उद्या दुपारी बारापर्यंत हात लावू नये."

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. घरात माणसं. कॉर्डलेस दिवसभर हातोहात फिरला, बेसवर गेलाच नाही. रात्री अकरालाही चालू.

२९ सप्टेंबर, रविवार

सोसायटीतले एकूण सात हँडसेट झाले. हिशेब असा: दोन फोनना सेल लागलेच नाहीत, पट्ट्या घासल्यावर चालू झाले. चार फोनना बारीक सेलची जोडी, प्रत्येकी पावणेपाचशे रुपये. काकांची बॅटरी वेल्डिंगसकट ३५० रुपये. या सातांपैकी तीन जणांनी नवा फोन घ्यायचं ठरवलं होतं, त्याला दोन-अडीच हजार गेले असते. तळमजल्यावरच्या आजी पैसे द्यायला आल्या तेव्हा रुमालात सुट्टी नाणीही होती. मी घेतली, कारण न घेतली असती तर त्यांना पुढच्या वेळी सांगायला संकोच वाटला असता.

जुने सेल बरणीत साठवलेत: १४ सुटे आणि एक कॅडमियमची बॅटरी. प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी लावली, म्हणजे एकमेकांना लागून शॉर्ट होणार नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार असे सेल बनवणाऱ्यांवरच ते परत गोळा करायची जबाबदारी आहे, आणि सेलवर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र असतं ते त्यासाठीच. पुढच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी बरणी देणार.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

नाशिकला आलोय. मामांना ओवाळायला आई आणि मावशी दोघी एकत्र, बऱ्याच वर्षांनी. मी येताना तपासलेली एक जोडी, खोडरबर आणि मीटर पिशवीत टाकून आणले होते.

मावशीचा फोन उघडला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल, एकावर ७००, दुसऱ्यावर १३००. म्हणजे जूनमध्ये फोन दर वेळी आईच्याच बाजूने तुटत होता असंही नसावं. मावशीला विचारलं तर म्हणाली, "अगं, माझाही वाजायचा मधूनच, पण ताईचा आधी बंद पडायचा म्हणून मी बोलले नाही."

सेल बदलले, पट्ट्या घासल्या, झाकणाच्या आत तारीख लिहिली.

१४ डिसेंबर, शनिवार

आईच्या हँडसेटमधले सेल पाच महिन्यांनी काढून पुन्हा मोजले. आईने वहीतलं जुलैचं पान शेजारी उघडं ठेवलं. ६ तास ५ मिनिटं आणि ६ तास ५ मिनिटं. ७३० च्या आसपास. सतत बेसवर बसूनही एवढीच झीज, आणि दोघे अजून जोडीने चाललेत.

चाचणीत सेल गुंतलेले असताना सात वाजून गेले. आईने घड्याळाकडे पाहिलं. मी शेवटची जोडी कपाटातून काढून हँडसेटमध्ये घातली. सप्टेंबरात चार्ज करून ठेवलेली होती, तशीच चालू झाली. साडेसातला रिंग वाजली.

पुढची मोजणी जूनमध्ये. रकाने आईने आखून ठेवलेत.